प्लीहेतला दुसरा ठिपका

चेन्नई सेंट्रलसमोरचे सरकारी रुग्णालय 1903 साली मद्रास जनरल हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. तिथे चार्ल्स डोनोव्हन हा कलकत्त्यात जन्मलेला आयरिश डॉक्टर काम करत होता. महिनोन्‌महिने ताप हटत नाही, प्लीहा वाढून पोट पुढे आलेले, क्विनाइनचा गुण येत नाही, असे रुग्ण त्याच्याकडे येत. असा ताप म्हणजे जुनाट मलेरिया, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे. 17 जून 1903 रोजी डोनोव्हनने एका मुलाच्या प्लीहेतून सुईने रक्त काढले आणि रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलेरियाचा जंतू कुठेच नव्हता. होते ते बारीक गोलसर जीव, आणि प्रत्येकात दोन ठिपके: एक मोठा, गोल, दुसरा लहान, दांडीसारखा.

डमडमहून परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरला हेच दिसले होते. त्याचा निबंध मे महिन्यात छापून आला होता. हे ट्रिपॅनोसोम, म्हणजे निद्रारोगाच्या जंतूच्या कुळातले जीव असावेत, असा त्याचा तर्क होता. पॅरिसमध्ये लाव्हराँ या शास्त्रज्ञाला ते पायरोप्लाझ्मा हे दुसऱ्याच कुळातले जंतू वाटले. रोनाल्ड रॉसने जीव नवा ठरवून त्याला ‘लीशमानिया डोनोव्हानी’ हे नाव दिले. 1904 मध्ये लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात प्लीहेतले रक्त थंड जागी जपून ठेवले, तेव्हा त्यातून शेपटीवाले जीव वाढले. या तापाचा, म्हणजे काळा आजाराचा, जंतू ट्रिपॅनोसोमचा भाऊबंद निघाला. लीशमनचा तर्क नेमका नव्हता, पण फार दूरचाही नव्हता.

त्या दांडीचे कोडे मात्र बरीच वर्षे तसेच राहिले. पुढे तिला कायनेटोप्लास्ट म्हणू लागले. तिच्यात डीएनए असतो, तोही विचित्र रचनेचा: काही डझन मोठी वर्तुळे आणि हजारो छोटी, सगळी साखळीसारखी एकमेकांत अडकलेली. छोट्या वर्तुळांतून एकही प्रथिन बनताना दिसेना. मग ती कशासाठी?

दरम्यान जनुकाविषयीची एक समजूत पक्की होत गेली होती. जनुकाची प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए आणि त्यावरून प्रथिन. 1977 मध्ये जनुके तुकड्यातुकड्यांची असतात, मधला भाग कापून टाकला जातो, हे कळले आणि समजुतीला पहिला धक्का बसला. तरी उरलेले प्रत्येक अक्षर त्याच जनुकातले, ही खात्री कायम होती.

ती ट्रिपॅनोसोमने मोडली. 1982 मध्ये त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचा मेसेंजर आरएनए तपासताना सुरुवातीची 35 अक्षरे जनुकाच्या आसपास सापडेनात. ती दुसरीकडूनच आली होती. 1986 मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी उलगडा केला. या जीवांत अनेक जनुकांची मिळून एकच लांबलचक प्रत निघते. तिचे तुकडे पडतात आणि वेगळ्या बनलेल्या एका आखूड आरएनएमधली तीच अक्षरे (नीट मोजल्यावर ती 39 भरली) प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर जोडली जातात. पूर्वी मजकूर कोणताही असो, पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असे, तसेच हे. लीशमानियातही हीच रीत आहे, अक्षरांत थोडा फरक. काचपट्टीवर रूप पाहून ओळखलेले नाते इथे रेणूंतही दिसले.

त्याच वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये रॉब बेने यांना आणखी नवल दिसले. कायनेटोप्लास्टच्या एका मेसेंजर आरएनएत, म्हणजे संदेशात, चार ‘यू’ अक्षरे होती आणि जनुकात ती नव्हतीच. प्रत काढून झाल्यावर ती घातली गेली होती. 1988 मध्ये तर एक असा संदेश सापडला, ज्यात 547 ‘यू’ घातलेले आणि 41 काढलेले होते. जनुक आणि त्याचा संदेश शेजारी ठेवले तर नाते ओळखू येऊ नये, इतका बदल! ही दुरुस्ती कुठे करायची, हे कोण सांगते? 1990 मध्ये लॅरी सिम्पसन यांच्या प्रयोगशाळेने सरड्यातल्या लीशमानियावर काम करून उत्तर दिले: वाट दाखवणारे छोटे आरएनए. त्यांतले बरेचसे त्याच छोट्या वर्तुळांवरून येतात, हेही लवकरच कळले. निरुपयोगी वाटणारी वर्तुळे दुरुस्तीच्या सूचना सांभाळत होती.

याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. एका संदेशाचा मजकूर डीएनएत विखुरलेला असू शकतो, हे आपण याच जंतूंकडून शिकलो. पेशीतला आरएनए ही निमूट नक्कल आहे, ही कल्पना त्यानंतर टिकली नाही. आणि हे जंतू गरिबांच्या रोगांचे आहेत, हे विसरता येत नाही. विज्ञानाला त्यांनी भरभरून दिले. रुग्णांच्या वाट्याला त्यातले फार उशिरा आले.

आता कुठे ते येऊ लागले आहे. ॲकोझिबोरोल हे निद्रारोगावरचे औषध एकदाच तोंडाने घ्यायचे आहे. मेसेंजर आरएनएला शेपूट लावण्यापूर्वी तो कापणाऱ्या सीपीएसएफ-3 या विकरावरच ते घाव घालते. हे विकर माणसातही असते, पण त्याची घडण थोडी वेगळी आहे आणि तेवढा फरक पुरतो. याच कुळातल्या संयुगाचा लीशमानियावरही अभ्यास झाला आहे. भारतात काळा आजाराच्या रुग्णाला आज मुख्यतः शिरेतून अँफोटेरिसिन दिले जाते, त्यासाठी त्याला रुग्णालय गाठावे लागते. एकदाच घ्यायची गोळी त्याच्यासाठी अजून आलेली नाही.