उंबरखिंडीतलं स्पष्ट बोलणं

‘स्पष्टच सांगतो हं’ असं कुणी म्हटलं की आपण जरा सावरून बसतो. कर्जत लोकलच्या डब्यात, सोयरिकीच्या बैठकीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हे शब्द रोज कानावर पडतात. बहुतेक वेळा ते सुनेला, शिपायाला, नाहीतर धाकट्या भावाला ऐकवलेले असतात. साहेबासमोर तोच माणूस ‘बघू या’ म्हणतो.

खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत मात्र १६६१ च्या फेब्रुवारीत एक बाई आपल्या सेनापतीशी स्पष्ट बोलली. शायिस्ताखानाने पुण्याहून धाडलेला मोगल सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत होता. वाट इतकी अरुंद, की फौज लांबच लांब पसरली. दोन्ही अंगांना दाट रान, आणि रानात शिवाजी महाराजांचे मावळे आधीच दबा धरून बसलेले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. खानाबरोबर ‘रायबाघन’ किताबाची माहूरची सावित्रीबाई होती. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त तिचं बोलणं आलं आहे. त्याचा आशय असा: फौज घेऊन या रानात शिरलास हेच चुकलं; आता फुशारकी पुरे, शरण जा आणि स्वतःला नि फौजेला वाचव.

सांगणाऱ्यांना यातला तिखटपणा फार आवडतो. मला मात्र ती स्वतः त्याच खिंडीत अडकली होती, हे महत्त्वाचं वाटतं. गडावर बसून खालच्यांना नावं ठेवणं सोपं असतं. शिवाय खानाची चूक काढून ती गप्प बसली नाही. सुटकेची वाटही तिनेच सांगितली. आपल्याकडचे स्पष्टवक्ते नेमके या दुसऱ्या वाक्याआधी उठून जातात.

थोडं श्रेय खानालाही द्यायला हवं. भर लढाईत, आपल्याच माणसांदेखत, त्याने ते ऐकून घेतलं आणि महाराजांकडे वकील पाठवला. सामानसुमान तिथंच टाकायला लावून, खंडणी घेऊन महाराजांनी वाट मोकळी केली.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याने जाताना आत वळलं की चावणीजवळ या लढाईचं स्मारक आहे. विजय महाराजांचा, त्याचा अभिमान आपल्याला असणारच. पण हरलेल्या बाजूचे जे शिपाई जिवंत घरी पोचले, त्यांना महाराजांच्या उदारपणाइतकंच या बाईचं तोंडही उपयोगी पडलं.