वैरण

कोल्हापुरात एक जुना फोटो स्टुडिओ होता. मालक अण्णा अंधारखोलीच्या जमान्यातले. लाल दिव्याखाली ब्रोमाइड कागदावर चेहरा उमटत जाताना बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. कागदाचं एक पान वाया गेलं की त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलत नसत. पुढं कॅमेरे डिजिटल झाले, अंधारखोलीत मोडक्या खुर्च्या पडल्या आणि दोन्ही मुलगे वेगवेगळे झाले. थोरल्याकडं जुनं दुकान राहिलं. धाकट्यानं गंगावेशीत एक गाळा घेतला.

मोठ्या फोटोचं काम दोघांकडंही होतं. कोल्हापुरात त्याला मरण नाही. नवरा-नवरी, गेलेले आजोबा, दंड फुगवून उभा राहिलेला पैलवान, सगळ्यांना भिंत हवी असते. हे फोटो लॅबमधून करून आणायचे आणि लॅबचं बिल भरताना दर वेळी मनात यायचं, एवढा पैसा बाहेर का घालवायचा? घरातच मोठा प्रिंटर घेतला तर? अण्णांनी दोघांना सारखी रक्कम दिली आणि म्हणाले, "घ्या. पण डोळे उघडे ठेवून घ्या."

थोरल्याला घाई फार. दिवाळीच्या ऑफरमध्ये २४ इंची प्रिंटर लागला होता, दोन लाखांचा १,६०,००० रुपयांना. चाळीस हजार वाचले म्हणून त्यानं दुकानात पेढे वाटले. मशीनला हार घातला, नारळ फोडला. पहिला फोटो अण्णांचाच काढला, ३० बाय २० इंचांचा. रंग असे आले की अण्णाही दोन मिनिटं गप्प झाले. मशीन खरोखरच चांगलं होतं, हे सांगायला हवं. या गोष्टीत मशीनचा दोष कुठंच नाही.

महिनाभरातच पडद्यावर शाई संपत आल्याची सूचना दिसू लागली. थोरला चक्रावला. तीसेक फोटो झाले असतील-नसतील, आणि शाई संपली? दुकानदारानं शांतपणे सांगितलं, की खोक्यातून येतात त्या सुरुवातीच्या टाक्या, पूर्ण भरलेल्या नसतात. त्यातली बरीच शाई पहिल्यांदा नळ्या भरण्यातच जाते. नवी टाकी १६० मिलीलिटरची, ९,६०० रुपयांना. आणि अशा बारा टाक्या. पूर्ण संच १,१५,२०० रुपये.

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर त्यानं आधीच सांगितलं असतं. थोरल्यानं विचारलं होतं फक्त, "अजून किती कमी करता?"

त्याच मशीनला ७०० मिलीची टाकीही बसत होती, २४,५०० रुपयांची. हिशेब केला तर लहान टाकीत शाई मिलीला ६० रुपये पडत होती आणि मोठीत ३५. पण एका रंगाला साडेचोवीस हजार मोजायला थोरल्याचा हात धजला नाही. त्यानं लहानच टाक्या घेतल्या, एकेक करून, जो रंग संपेल तो. किरकोळीनं घेणारा घाऊकवाल्यापेक्षा जास्त मोजतो, हे त्याला मंडईत कळत होतं. दुकानात आल्यावर कळेनासं झालं.

इकडं धाकटा पैसे घेऊन रोज उद्या-उद्या करत होता. त्याच्या गाळ्यापासून चार पावलांवर दूध कट्टा. संध्याकाळी तिथं म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं फेसाळ दूध उभ्यानं पितात. तालमीतले पैलवान तर तांब्यानंच. धाकटाही रोजचा गिऱ्हाईक. एका संध्याकाळी त्यानं एका म्हाताऱ्या गवळीमामांना आपली अडचण सांगितली. मामांना प्रिंटरमधलं काही कळत नव्हतं, पण माणसाची अडचण कळत होती.

"म्हस घ्यायला बाजारात गेलास तर आदी काय इचारशील?" मामांनी विचारलं.

"किंमत."

"हितंच फसलास. आदी कास बघायची. कितव्या येताची हाय ते इचारायचं. दूध किती, आन् वैरण-पेंड किती खाती, ते इचारायचं. किंमत एकदाच द्यावी लागती, वैरण रोज."

धाकटा हसला. "आमच्या म्हशीची वैरण म्हणजे शाई, मामा."

"मग शाईचा भाव काढ. आन् आणखी एक. म्हस भाकड झाली म्हणून वैरण बंद हुती व्हय? दूध न्हाई, पण दावणीला खातीच की ती. तुझं मशीन रिकामं बसल्यावर काय खातं, ते बघ."

हा प्रश्न धाकट्याच्या डोक्यातच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं चार ठिकाणी चौकशी केली. शाईच्या प्रिंटरचं तोंड म्हणजे केसाहून बारीक छिद्रं. मशीन बसून राहिलं की त्यांत शाई सुकते. छिद्रं मोकळी करायला मशीन स्वतःची शाई स्वतःवरच ओतून घेतं, आणि ती शाई जाते सांडशाईच्या डब्यात. डबा भरला की तोही विकत आणायचा. म्हणजे भाकड काळातलीही वैरण होतीच, फक्त ती कुणी किमतीच्या पाटीवर लिहीत नाही.

मग त्यानं आपली गेल्या वर्षाची वही काढली. त्याची समजूत होती की आपण मोठे फोटो पुष्कळ करतो. मोजल्यावर निघाले महिन्याला सात-आठ. बाकी सगळं काम १२ बाय १८ इंचांचं आणि त्याहून लहान. वही घेऊन तो पुन्हा कट्ट्यावर गेला. मामांनी तांब्या भरला आणि ऐकून घेतलं.

"घरात दोन कप चा हुतो आन् दारात म्हस बांधतोस? रतीब लाव की."

धाकट्यानं तेच केलं. २४ इंची मशीन घेतलंच नाही. बाटलीतून टाकीत शाई ओतायचा, १३ बाय १९ इंचांपर्यंतचा कागद घेणारा सहा रंगांचा प्रिंटर घेतला. मशीन त्याच्या आकाराच्या मानानं महाग वाटलं, कारण या प्रकारात कंपनी नफा शाईवर कमी आणि मशीनवर जास्त ठेवते. मजा म्हणजे ही रीत लोकांनीच कंपन्यांच्या गळ्यात घातली. इंडोनेशियात माणसं प्रिंटरला बाहेरून डबे आणि नळ्या जोडून स्वस्त शाई वापरत, तेव्हा एप्सननं २०१० साली तिथंच कारखान्यातून टाकी लावलेला प्रिंटर विकायला काढला. आपल्याकडच्या मेस्त्रींनीही तसल्या नळ्या थोड्या जोडल्या नाहीत.

धाकट्याची ७० मिलीची बाटली ७०० रुपयांना, म्हणजे मिलीला १० रुपये. १२ बाय १८ च्या फोटोला साधारण दोन मिली शाई, म्हणजे वीस रुपये. कागद वेगळा. पण या शाईत एक उणेपण होतं आणि त्यानं ते लपवलं नाही. ती पाण्यात पूर्ण विरघळणारी रंगाची शाई, उन्हात लवकर विटते. कणांची, म्हणजे पिगमेंटची शाई जास्त टिकते. म्हणून वाडवडिलांचा भिंतीवर लावायचा फोटो आला की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा मी लॅबमधून करून देतो. चार दिवस लागतील." मोठे सात-आठ फोटो तसेच बाहेर जात राहिले. रतीब चालू.

आषाढ लागला. कोल्हापूरचा पाऊस आणि वर चातुर्मास. लग्नं थांबली. थोरल्यानं वीज वाचवायला रात्री मशीनचं मुख्य बटण बंद करायला सुरुवात केली, मग आठवडा-आठवडा चालूच केलं नाही. चालू केल्यावर निळ्या रंगात रेघा. साफसफाई एकदा, दोनदा, चारदा. त्या महिन्यात त्यानं सहा फोटो काढले. कागदावर तीस मिली शाई गेली असेल, मशीनच्या पोटात त्याच्या दुप्पट. वर सांडशाईचा डबा भरला, तो आणला. तेव्हा कुणीतरी सांगितलं, अमक्याकडं चिप लावलेली डुप्लिकेट शाई मिळते, अर्ध्या भावात. चांगल्या डुप्लिकेट शाया असतात, नाही असं नाही. ही तशी नव्हती. नवरीचा शालू विटकरी आला आणि पंधरा दिवसांत प्रिंटरचं तोंडच बंद पडलं. नव्या तोंडाचा भाव ऐकून थोरला पायरीवर बसला.

गणपतीत अण्णा थोरल्याच्या दुकानात गेले. मशीनवर प्लास्टिक घातलं होतं, त्यावर अल्बमचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर मोदकांचा डबा. अण्णा काही बोलले नाहीत. रात्री थोरलाच बोलला, "अण्णा, चाळीस हजार वाचवले होते मी."

"कुठं ठेवलेस?" अण्णांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटलं होतं की काढून कुठं बँकेत टाकले असतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला गंगावेशीत गेला. धाकटा दुकान बंद करायच्या तयारीत होता. गिऱ्हाईक नव्हतं, तरी प्रिंटरमधून एक अरुंद पट्टी बाहेर येत होती. सहा रंगांचे सहा पट्टे, एकही रेघ तुटलेली नाही.

"कुणाचं काम आहे?" थोरल्यानं विचारलं.

"कुणाचं नाही. दोन दिवसांत काही छापलं नव्हतं, दादा. वैरण टाकतोय."

त्यानं पट्टीवर तारीख लिहिली, ती खिळ्याला अडकवली आणि शटर ओढलं. बाहेर कट्ट्यावर म्हशी आल्या होत्या. थोरला मामांसमोर उभा राहिला, दोन तांबे सांगितले आणि दूध हातात यायच्या आतच विचारलं, "मामा, दुभती म्हस अर्ध्यात विकायची झाली तर गिऱ्हाईक कोण घेतं?"

"आदी सांग," मामा कास धुता धुता म्हणाले, "खाती किती?"