पंधरा वॅट

साताऱ्याच्या शनिवार पेठेत एक पोरगा गिटार वाजवायचा. अ‍ॅम्प सेकंडहँड, पंधरा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा. घरात त्याने बासचा नॉब शेवटपर्यंत नेऊन ठेवलेला, ट्रेबलचाही तितकाच आणि मधला मिडचा शून्यावर. आवाज असा भरदार यायचा, की शेजारच्या काकू खिडकीतून दाद द्यायच्या.

बँडमध्ये मात्र दाद सोडाच, गिटार आहे हेच कुणाच्या लक्षात यायचं नाही. ड्रम, बास गिटार, कीबोर्ड, एक गायिका आणि हा. लग्नातलं संगीत, गणपती, कॉलेजांची गॅदरिंगं अशी कामं मिळायची. कऱ्हाडच्या एका हळदीत त्याने जीव तोडून सोलो वाजवला. खाली उतरल्यावर ड्रमर म्हणाला, "का रं, सोलो का सोडलास?"

मग व्हॉल्यूम वाढायला लागला. ह्याने पाचाचा आठ केला, तसा कीबोर्डवाला दादा वर गेला. दादा वर गेला म्हणून ड्रमर काठ्या आपटायला लागला आणि गायिकेचा गळा बसला. दहावर नेल्यावर छोटा स्पीकर फाटक्या आवाजात किरकिरला. तरी कुणी म्हणालं नाही, की गिटार छान वाजली.

शेवटी शंभर वॅटचा अ‍ॅम्प हप्त्याने घ्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं. इथे हिशेब सांगून टाकतो, कारण दुकानदार तो सांगत नाहीत. पंधराचे तीस वॅट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. पंधराचे शंभर करून तर दुप्पटही वाटणार नव्हता. पण हप्ता ठरवून बसलेल्या माणसाला डेसिबल कोण समजावणार?

त्या आठवड्यात आत्याने त्याला कामाला लावलं. तिच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, गेली होती. मिरजेला नेऊन काढून आण, म्हणाली. माहुलीच्या स्टेशनावरून हा गवसणीतला तानपुरा सांभाळत गाडीत चढला. डब्यातल्या लोकांनी भोपळ्याला लहान मुलासारखी जागा करून दिली.

मिरजेत तंतुवाद्यांचं काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ते सुरू केलं. 2024 साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पोराला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दुकानाच्या उंबऱ्यावर बसून फोनवर अ‍ॅम्पच्या किमती बघत होता.

दुकानातल्या कारागीर चाचांनी तारा उतरवल्या आणि घोडीवर कानस फिरवली. अगदी हलकी, दोन-चार हात. तारा चढवल्या, छेडल्या, मान हलवली, पुन्हा उतरवल्या. हे बराच वेळ चाललं. मग जोडीची तार लावून तिच्याखालचं सूत काढलं आणि म्हणाले, "छेड, बेटा. जोरात."

त्याने जोरात छेडली. ठक्क असा आवाज आला आणि विरला.

चाचांनी सूत परत तारेखाली घातलं आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहिले. एका जागी तार झणझणली. "आता हळू."

त्याने बोट नुसतं टेकवून सोडलं. दुकान भरून गेलं. बाहेर स्कूटर चालू होती, शेजारी कुणी खिळा ठोकत होतं, तरी तो सूर दोन्हींच्या मधून नीट कानावर येत होता.

"चाचा, मोठा भोपळा लावला तर आणखी मोठा वाजेल?"

"घुमेल. ऐकू येईलच असं नाही." चाचा घोडीवरची भुकटी फुंकत म्हणाले. "अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मोठा होता का? बारीक होता. बहुतेक आयुष्य तर बिनमाईकचंच गायले. तुला जोर वाढवायची भारी घाई आहे. आधी सूत सरकवून बघ."

परतीच्या गाडीत पोराने फोन बाहेर काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्याने पहिल्यांदा सगळ्यांचं ऐकलं. बास गिटार आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम तळ व्यापून होते. झांजांनी वरची बाजू व्यापलेली. म्हणजे ह्याने घरी वाढवून ठेवलेला बास आणि ट्रेबल दुसऱ्यांच्या आवाजाखाली गाडला जात होता आणि गिटार जिथे खरी ऐकू येते, ती मधली पट्टी त्याने स्वतःच शून्यावर ठेवली होती! त्याने बास निम्मा केला, मिड वर आणला, आवाज धूसर करणारा रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकला. एकट्याने वाजवून पाहिलं तर सूर नाकातला आणि बोचरा वाटला. काकूंनी खिडकी लावून घेतली असती. पण ड्रम सुरू झाले आणि तोच सूर वर आला.

मग अ‍ॅम्प. तो इतके दिवस जमिनीवर, ह्याच्या पोटऱ्यांमागे असायचा. स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे गिटार ऐकत होत्या त्या फक्त पोटऱ्या. त्याने ड्रमरचं जादा स्टूल ओढलं, अ‍ॅम्प त्यावर ठेवला आणि मागे कलता करून तोंड स्वतःच्या कानाकडे केलं. व्हॉल्यूम चारवर आला.

उरली एकच अडचण, आणि ती नॉबने सुटणारी नव्हती. दादाचा डावा हात. गिटारचे कॉर्ड जिथे वाजत, तिथेच दादाही डाव्या हाताने तेच कॉर्ड भरत असे. दादा वयाने मोठा, गाडी त्याची, कामंही तोच आणणार. पोरगा घुटमळत म्हणाला, "दादा, कडव्यात डावा हात जरा सोडता का? मी पण सहाही तारा नाही वाजवणार. वरच्या तीनच."

दादाने भुवया उंचावल्या. पण हात उचलला.

पुढचा कार्यक्रम सांगलीत होता, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात. दुपारी साउंडवाल्याने स्टुलावरचा छोटा अ‍ॅम्प पाहिला, पण हसला नाही. स्पीकरसमोर बोटभर अंतरावर, मध्यापासून थोडा बाजूला त्याने माईक लावला. "बरं झालं लहान आणलास," म्हणाला. "मोठा असता तर स्टेजवरच एवढा वाजला असता, की मला मिक्सरवर काही करताच आलं नसतं."

तालीम सुरू झाली. दुसऱ्याच गाण्यात गायिका वळून म्हणाली, "अरे, गिटार जरा कमी कर ना."

पोराने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय की काय. मग हसू दाबत नॉब साडेतीनवर आणला. ड्रमरनेही काठ्या सैल धरल्या. स्टेजवर कधी नव्हती इतकी मोकळीक झाली आणि कीबोर्डवरच्या दादाने हात वर करून गाणं थांबवलं.

"थांबा, थांबा," तो बास गिटारवाल्याकडे बघत म्हणाला. "हा सूर तू कधीपासून चुकीचा वाजवतोयस?"