माथा सोडणं

दुर्गहून नौतनव्याला थेट गाडी आहे. पुढे सोनौलीची सीमा ओलांडून काठमांडू, तिथून विमानाने लुकला, आणि मग चालत मेरा शिखर, ६,४७६ मीटर. आमची भिलाई जेमतेम तीनशे मीटरवर. सध्या घरात हाच विषय: खारे गावात किती मुक्काम, बूट विकत घ्यायचे की भाड्याने. त्यातच नणंदेने विचारलं, "वहिनी, देवाच्या माथ्यावर पाय द्यायला एवढा खटाटोप?"

प्रश्न मनाला लागला, कारण तो खरा आहे. आणि आपल्याकडे त्याचं एकच उत्तर नाही. कळसूबाईचं देऊळ माथ्यावरच, १,६४६ मीटर उंचीवर पोचल्याशिवाय दर्शन नाही. सरावासाठी आम्ही पाठीवर वजन घेऊन डोंगरगडच्या हजारावर पायऱ्या चढतो, तिथेही मोठी बम्लेश्वरी वरच बसलेली. उलट सप्तशृंगी कड्याच्या पोटात आहे, आणि शिखरावर ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. कैलासाला तर फक्त प्रदक्षिणा. चढणं मुळात पाप नव्हे. त्या त्या डोंगराची रीत तिथल्या माणसांना विचारायला हवी.

जॉर्ज बँड आणि जो ब्राउन या गिर्यारोहकांनी ती पाळली. २५ मे १९५५ रोजी ते कांचनजुंगाच्या, म्हणजे ८,५८६ मीटरच्या, माथ्याशी पोचले आणि शेवटचे काही फूट शिल्लक ठेवून वळले. सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजाला, तसा शब्द दिला होता. इथे मला गीतेचा अठरावा अध्याय आठवतो. शरीराला क्लेश होतील म्हणून कर्म टाकणं, हा तिथे राजस त्याग ठरतो, आणि त्याचं काहीच फळ नाही. कर्म पुरतं करून आसक्ती आणि फळ सोडणं, हा सात्त्विक. गुडघ्यांना भिऊन मी घरी बसले आणि त्याला डोंगराचा मान राखणं म्हटलं, तर ती भक्ती कशी? त्या दोघांनी सगळे कष्ट उपसले आणि ज्यासाठी उपसले तेवढंच सोडलं.

मेऱ्यावर असा शब्द कुणी मागत नाही. तरी मी माथ्याच्या थोडं खाली नमस्कार करून वळणार आहे. बरोबरच्यांवर हे लादणार नाही. "आणि थांबल्याचा गर्व?" नणंद म्हणाली. तो होऊ शकतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण एक कसोटी आहे. विरळ हवेने डोकं ठणकायला लागलं, पाय लटपटले, तर शिखर दूर असतानाच उतरावं लागेल. तेव्हा मी चरफडले, तर माथा मी मनातून कधी सोडलाच नव्हता.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं जाणकार सांगतात. म्हणून खर्च वाढला तरी खारेला जादा मुक्काम धरलेत. शेवटच्या चढाईच्या दिवशी परत फिरायची वेळ आजच वहीत लिहिली आहे, आणि ती नणंदेलाही सांगून ठेवली आहे.