रेघ असू द्या, भिंत नको

अमेरिकेतलं ग्लेशियर आणि कॅनडातलं वॉटरटन लेक्स, ही डोंगरांतली दोन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत. मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते. तिथे उंच कुंपण नाही. झाडं तोडून मोकळा राखलेला एक सरळ पट्टा आहे, एवढंच. अस्वलं तो सहज ओलांडतात. वॉटरटन सरोवराचं पाणी दोन्ही देशांत पसरलं आहे. 1932 साली ही उद्यानं जोडून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झालं. रेघ राहिली, भिंत झाली नाही.

तिथे मोटारीनं फिरणारं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा. तिला लोगन खिंडीत थांबून डोंगरबकऱ्या बघायच्या आहेत. त्याला सीमेवरची चौकी बंद होण्याआधी गाठायची आहे. एकाची घाई, दुसरीची ओढ. दोन्ही खरी! त्यानं गाडी बाजूला घ्यावी. तिनं वेळेचं भान ठेवावं. रेघ असू द्या, भिंत नको.

मित्रहो, आपल्या घरातही प्रत्येकाचा एक कोपरा असतो. तो जपावा. पण तिथली ये-जा थांबवू नये. मला वाटतं, नाती भांडणापेक्षा अबोल्यानंच अधिक थकतात. आज कुणाशी अबोला असेल, तर चहाचं आधण ठेवताना त्यांनाही विचारा.