निळ्या डोळ्यांचे उचंत खाते

मध्यमवर्गीय माणसाचा नशिबावर गाढ विश्वास असतो. मात्र तो फक्त खर्चाच्या बाजूला. बढती मिळाली की कर्तृत्व, बदली झाली की नशीब. मुलगा पहिला आला तर घराण्याची बुद्धी, नापास झाला तर त्याचे ग्रह. जमेच्या बाजूला नशिबाच्या नावाने कोणी दमडी लिहीत नाही. ती नोंद करणारा एक माणूस मला आढळला तो अमेरिकेत, आणि तोही सिनेमानट! पॉल न्यूमन.

न्यूमनचा जन्म २६ जानेवारी १९२५ चा, ओहायोतल्या क्लीव्हलंडचा. वडिलांचे खेळाच्या सामानाचे दुकान. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात वैमानिक व्हायला गेला, तर तपासणीत निघाले की याला रंग नीट ओळखता येत नाहीत. आता गंमत पाहा. ज्या निळ्या डोळ्यांनी पुढे निम्म्या जगाची झोप उडवली, त्या डोळ्यांनाच रंगांची पारख नव्हती!

१९५४ साली आलेला त्याचा पहिला सिनेमा त्याला स्वतःलाच इतका भिकार वाटे की, पुढे तो टेलिव्हिजनवर दाखवणार म्हटल्यावर त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांची माफी मागितली. मग १९५५ मध्ये जेम्स डीन हा गाजलेला तरुण नट मोटार अपघातात गेला. त्याच्यासाठी योजलेली मुष्टियोद्ध्याची भूमिका न्यूमनकडे आली आणि १९५६ मध्ये त्या सिनेमाने त्याचे नाव केले. सिनेमाचे नाव 'समबडी अप देअर लाइक्स मी', म्हणजे वर कोणीतरी आहे बुवा, त्याची आपल्यावर मर्जी आहे. मर्जी होती खरी. पण वरच्याने ही रक्कम याच्या खात्यात जमा करताना ती दुसऱ्याच्या नावे टाकली होती.

पुढे 'द हसलर', 'कूल हँड ल्यूक', 'द स्टिंग' असे एकाहून एक सिनेमे आले. पैसा आला, कीर्ती आली. हे सगळे कोणाचे?

आमच्या बँकेत याला उत्तर आहे. एखादी रक्कम येते, पण ती कोणाची हे कळत नाही. अशी रक्कम आम्ही उचंत खात्यात टाकतो. ती तिथे सुखाने झोपलेली ऑडिटरला बघवत नाही. "हिचा धनी शोधा," म्हणून तो मागे लागतो. न्यूमनने आपले निळे डोळे या उचंत खात्यात टाकले, असे मला वाटते.

धनी शोधण्याची त्याची तऱ्हाही न्यारी. कोशिंबिरीवर घालायचे तेल-व्हिनेगरचे मिश्रण तो घरीच करी आणि नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटी. हॉचनर नावाच्या लेखक मित्राबरोबर त्याने तळघरात ते पिंपभर केले, तेव्हा ढवळायला चक्क होडीचे वल्हे घेतले होते म्हणे. १९८२ मध्ये दोघांनी त्याची कंपनी काढली. बाटलीवर न्यूमनचा चेहरा आणि कर भरून उरलेला सगळा नफा धर्मादाय. २००८ मध्ये तो वारला तोवर २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम अशी वाटली गेली होती. गुप्तदानाचे आपले शास्त्र इथे नाक मुरडील. पण चेहरा झाकला असता तर बाटली खपली असती काय? मिळालेले तोंड त्याने कामाला लावले, एवढेच.

१९८८ मध्ये त्याने कनेक्टिकट राज्यात कर्करोगासारख्या गंभीर आजारांच्या मुलांसाठी मोफत शिबिर उघडले. त्यामागचे त्याचे म्हणणे साधे होते. नशीब माझ्याशी भलेपणाने वागले, या मुलांशी क्रूरपणाने. मी मिळवले नाही नि त्यांनी गमावले नाही, मग हिशेब कोणीतरी जुळवायला नको?

यावर कोणी म्हणेल, त्याने कष्ट नाही केले? केले की! अभिनयाचे ऑस्कर मिळायला त्याला १९८७ साल उजाडावे लागले. चोपन्नाव्या वर्षी ल मांच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत त्याच्या गाडीचा दुसरा नंबर आला, तो काही डोळ्यांच्या रंगावर नव्हे. मुद्दल नशिबाचे, वर व्याज कष्टाचे, असे म्हणू. पण बँकेचा नियम असा की मुद्दल ज्याचे, व्याजही त्याचेच. हा नियम माणसाला लावायचे धैर्य मला होत नाही. न्यूमननेही तो पुरता लावला नाही; घर ठेवले, गाड्या ठेवल्या. मला तो त्यामुळेच जवळचा वाटतो. संत असता तर हात जोडून मोकळे होता आले असते.

आणि खाते जुळले का? नाही. त्याचा एकुलता एक मुलगा स्कॉट १९७८ मध्ये दारू आणि औषधांच्या अतिसेवनाने गेला, अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या नावाने बापाने व्यसनविरोधी कामाची संस्था काढली. त्याच्या आठवणींचे पुस्तक मृत्यूनंतर, २०२२ मध्ये निघाले. त्यातही हा माणूस स्वतःलाच उलटतपासणी घेत बसलेला दिसतो. म्हणजे एवढे वाटूनही मनाला पावती मिळाली नव्हती. मिळणार नाही हे ठाऊक असून त्याने वाटप चालू ठेवले, हे मला त्या २५ कोटींहून मोठे वाटते.

परवा मीही माझे उचंत खाते काढून पाहिले. डोळे काळे, तेव्हा ती रक्कम नाही. पण लहानपणी धड राहिलेली प्रकृती, फी वेळेवर भरणारे वडील, बी.कॉम. होताच निघालेली बँकेची भरती... यादी लांबत चालली तशी मी वही मिटली. ऑडिटर अजून आलेला नाही.