नक्कल आणि लबाडी

नैतिक प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठे प्रसंग उभे राहतात : लाचलुचपत, जमिनीचे तंटे, न्यायालयातील साक्ष. वास्तविक माणसाची परीक्षा पुष्कळदा दुकानाच्या काउंटरवर, पाकिटातल्या नोटा मोजताना होत असते. माझी अशी एक परीक्षा दात घासण्याच्या ब्रशवरून झाली, आणि तीत मी नापास झालो.

माझ्या आईने ऐंशी ओलांडली आहे. अंबरनाथच्या आमच्या घरात तिचा वावर अजून सर्वत्र असतो. परंतु उजव्या हाताला कंप सुटल्यापासून साधा ब्रश तिला नीट फिरवता येईना. दंतवैद्यांच्या सल्ल्याने आम्ही विजेवर चालणारा ब्रश आणला. बालपणी राखुंडीने आणि बाभळीच्या काडीने दात घासलेली आई ते गुणगुणणारे यंत्र पाहून प्रथम हसली, पण आठवडाभरात सरावली. अशा ब्रशची मूठ कैक वर्षे टिकते. तिच्या टोकावर बसवावयाचे छोटे हेड मात्र साधारण तीन महिन्यांनी, आणि केस पसरले तर त्याआधीच, बदलावे लागते. म्हणजे वर्षाला चार हेड आली.

गोम आहे ती इथेच. एका कंपनीचे हेड दुसरीच्या मुठीवर बसत नाही. कुठे हेड गोल असून मागेपुढे फिरते, कुठे ते लांबट असून नुसते थरथरते. आतल्या दांड्याची घडणही वेगळी. यातले काही वेगळेपण यंत्राच्या गरजेचे आहे, हे मान्य. पण एकदा मूठ घरात आली की गिऱ्हाईक त्या कंपनीशी बांधले जाते, हेही तितकेच खरे. ही रीत नवी नव्हे. ब्रॉक्सोडेंट नावाचा विजेचा ब्रश स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला तो १९५४ साली. त्याच्या अर्धशतक आधी, १९०३ मध्ये, जिलेट यांनी आपला वस्तरा बाजारात आणला. पहिल्या वर्षी ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पुढे पाती किती खपली असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा!

अंबरनाथच्या जुन्या रहिवाशांना विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आठवत असेल. सेफ्टी काडीच्या गुलात फॉस्फरस नसतो. तांबडा फॉस्फरस असतो तो पेटीच्या बाजूच्या पट्टीत, म्हणून ती काडी पेटीवरच ओढावी लागते. तीही एका अर्थी बांधलेलीच. परंतु एका कारखान्याची काडी दुसऱ्या कारखान्याच्या पेटीवर ओढली तरी ती पेटते. तिथले बंधन पदार्थाच्या गुणधर्मातून आलेले आहे. ब्रशच्या बाबतीत व्यापाऱ्याच्या हिशेबाचाही त्यात वाटा आहे, आणि म्हणूनच स्वस्त पर्याय शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोष देणार नाही.

स्वस्त पर्याय म्हटला की बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या माणसाची पावले उल्हासनगरकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या नगराची कोनशिला बसविली. घरदार गमावून आलेल्या या माणसांनी हात पसरले नाहीत. पापड लाटले, कपडे शिवले, आणि जी वस्तू दिसेल ती बनवून पाहिली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. हा विनोद मला नेहमीच निरागस वाटत आला, कारण त्यात एक कबुली आहे. विकणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. मग फसवले कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच घरात मिळावयाचे होते.

दुकानदाराने माझ्यासमोर तीन पाकिटे ठेवली. पहिले कंपनीचे, महाग. दुसरे एका अपरिचित नावाचे; अमुक कंपनीच्या ब्रशला बसते, असे त्यावर स्पष्ट छापलेले. तिसरे दिसायला हुबेहूब पहिल्यासारखे, त्यावर नावही तेच, पण एका हेडच्या किमतीत चार. दुकानदार म्हणाला, “साहेब, हा छाप कंपनीचा आहे, माल कंपनीचा नाही. मी खोटं बोलणार नाही. पटलं तर घ्या.” मी तिसरे घेतले. दुसरे का घेतले नाही? अपरिचित नाव पाहून आई विचारील, पैसे वाचवलेस का, म्हणून. त्या खोट्या छापाची मला गरज होती.

घरी आईने पाकीट हातात घेऊन विचारलेच, “कंपनीचंच ना रे?”

“हो आई, कंपनीचंच.”

दुसरे आणि तिसरे पाकीट दोन्ही नक्कलच, तेव्हा दोहोंत डावेउजवे काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. आपला कायदा हा भेद करतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने आपल्या मालावर लावणे हा गुन्हा आहे. परंतु एखादा सुटा भाग कोणत्या वस्तूला बसतो हे सांगण्यासाठी त्या वस्तूचे नाव घेण्यास, ते वाजवी गरजेपुरते असेल तर, त्याच्या तिसाव्या कलमाने मुभा आहे. दुसऱ्या पाकिटातील वस्तू ‘मी त्याच्यासारखी आहे’ असे सांगते. तिसऱ्यातील वस्तू ‘मी तोच आहे’ असे सांगते. पहिली नक्कल, दुसरी लबाडी. आपण अशा मालाला चोरीचा माल म्हणतो, आणि ते चुकीचेही नाही. पण माझ्या मते त्याचा खरा दोष खोट्या साक्षीचा आहे, आणि ती साक्ष हातोहात पुढे जाते. त्या दिवशी दुकानदार माझ्याशी खरे बोलला. आईपुढे खोटी साक्ष दिली ती मी.

दोनतीन आठवड्यांनी आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ती काही बोलली नाही. एके सकाळी बेसिनमध्ये तांबूस पाणी पाहून मी विचारले, तेव्हा म्हणाली, “वय झालं, आता हिरड्याही चालल्या.” कंपनीच्या हेडवर तिने शंका घ्यावी कशी? मुलाने तसे सांगितले होते. म्हणून तिने दोष दिला तो स्वतःच्या देहाला. दंतवैद्यांनी ते हेड बोटावर घासून पाहिले. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके गोलसर केलेली असतात. याची नुसती कापून सोडलेली होती.

त्यानंतर मी काही गोष्टी पाहू लागलो आहे. केस मऊ आणि टोके गोलसर आहेत असे पाकिटावर लिहिलेले असावे. हेड मुठीवर घट्ट बसावे, डगमगू नये, कारण सैल हेड तोंडात निखळण्याची भीती असते. पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, महिना आणि किंमत छापलेली असावी. ज्याला आपला पत्ता द्यावयास संकोच वाटतो, त्याचा माल तोंडात कशाला घालावा? एवढे सारे असेल तर ते दुसऱ्या नावाचे आहे, स्वस्त आहे, यात कमीपणा काहीच नाही. आज आई वापरते ते हेड अशाच दुसऱ्या नावाचे आहे, आणि तिला ते माहीत आहे.

कारण त्याच संध्याकाळी मी तिला सर्व सांगितले. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. किंबहुना ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “स्वस्तातलं आणलंस तर आणलंस. पण आधी सांगायचं होतंस. मी जपून घासलं असतं.”

पैसे वाचविण्याचा हक्क मला होता. तिचे जपून घासणे हिरावून घेण्याचा नव्हता.